मेलानेशियाचे काष्ठमुखवटे आणि न्यू आयर्लंडचे मलांगन

पॅसिफिक महासागराच्या नैर्ऋत्य भागात न्यू गिनीपासून फिजीपर्यंत पसरलेल्या बेटांच्या पट्ट्याला मेलानेशिया म्हणतात. पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे, वनुआतू, न्यू कॅलेडोनिया, फिजी आणि इंडोनेशियात मोडणारा न्यू गिनीचा पश्चिम भाग एवढा प्रदेश त्यात येतो. एकट्या पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि कोरीव कामाच्या शैलीही अशाच दर खोऱ्यागणिक, दर किनाऱ्यागणिक बदलतात. त्यामुळे ‘मेलानेशियन कला’ हे नाव सोयीचे असले तरी त्यातून एखादी ठरावीक घडण डोळ्यांसमोर येत नाही. एका गावचा मुखवटा पुढच्या गावात परका ठरू शकतो.

तरीही एक गोष्ट या सगळ्या प्रदेशात पुन्हा पुन्हा आढळते. कोरलेली वस्तू तिथे एखाद्या विधीसाठी घडवतात, त्या विधीत ती ठरलेल्या वेळी लोकांसमोर येते, आणि काम झाले की अनेकदा तिची विल्हेवाट लावली जाते. वर्षानुवर्षे जपायची असते ती वस्तू घडवण्याची रीत आणि ती घडवून घेण्याचा हक्क. न्यू आयर्लंड बेटाच्या उत्तर भागातल्या ‘मलांगन’ विधीत हे सर्वांत स्पष्ट दिसते.

न्यू आयर्लंड हे बिस्मार्क द्वीपसमूहातले एक लांबट, अरुंद बेट आहे. त्याची लांबी साधारण साडेतीनशे किलोमीटर, पण उत्तरेकडे रुंदी इतकी कमी की एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पायी जाता येते. डच दर्यावर्दी आबेल टास्मान १६४३ मध्ये या किनाऱ्याजवळून गेला होता. १७६७ मध्ये इंग्रज फिलिप कार्टरेटने बेटाला आजचे नाव दिले. १८८४ मध्ये जर्मनीने ते ताब्यात घेऊन ‘नॉय मेक्लेनबुर्ग’ म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, ते ऑस्ट्रेलियाच्या हाती गेले. उत्तर भागातल्या समाजात कूळ आईकडून चालते. जमीन, विधींचे हक्क आणि त्यासोबतच्या आकृती मामाकडून भाच्याकडे येतात.

माणूस मेला की दफन किंवा दहन आणि पहिली जेवणावळ लगेच उरकली जाते. मलांगन मात्र पुष्कळ नंतर होते. कधी काही महिन्यांनी, बहुधा काही वर्षांनी. डुकरे पोसायची असतात, तारोचे मळे वाढवायचे असतात, शिंपल्यांच्या बारीक चकत्या ओवून केलेल्या माळांचे चलन साठवायचे असते. एका कुटुंबाला हा खर्च झेपत नाही, म्हणून दरम्यानच्या काळात गेलेल्या अनेकांचे मलांगन एकत्र केले जाते. तोवर गावात काही बंधने चालू राहतात. हा सोहळा पार पडला की ती सुटतात, मृताशी असलेले देणेघेणे मिटते आणि त्याचा या जगाशी संबंध संपतो. विधीला मलांगन म्हणतात, त्यात मांडल्या जाणाऱ्या कोरीव मूर्तींनाही मलांगनच म्हणतात. ही प्रथा बेटाच्या पूर्वेकडच्या ताबार बेटांवर सुरू झाली असे न्यू आयर्लंडचे लोक मानतात.

मूर्तीसाठी लागणारे लाकूड ऑल्स्टोनियाचे. महाराष्ट्रात रस्त्याकडेला दिसणारी सातवीण त्याच प्रजातीतली. या झाडाचे लाकूड हलके, फिकट आणि मऊ असते. त्यामुळे ते फार खोलवर कोरता येते, पण दमट हवेत टिकतही नाही. झाड तोडणे, ओंडका गावाकडे आणणे आणि कामाला सुरुवात करणे या प्रत्येक टप्प्याला छोटी जेवणावळ असते. काम चालते ते कुंपण घातलेल्या आवारात. बायका-मुलांना तिथे जाता येत नाही. पूर्वी दगडी आणि शिंपल्याच्या वाकसांनी ओंडका तासत, निखाऱ्यांनी जाळून भोके पाडत आणि शार्कच्या खरखरीत कातड्याने पृष्ठभाग घासून गुळगुळीत करत. एकोणिसाव्या शतकात जहाजांवरून लोखंडी पाती आली तशी जाळी आणखी बारीक झाली. बाहेरच्या अवजाराने परंपरा बिघडते असे सरसकट म्हटले जाते. पण संग्रहालयांतले बरेचसे सर्वांत नाजूक मलांगन लोखंडाच्या पात्याने झालेले आहेत.

एखादी उभी मूर्ती जवळून पाहिली तर आधी काहीच उमजत नाही. मधोमध माणसाची आकृती असते. तिच्याभोवती एकाच लाकडातून काढलेल्या सळयांसारख्या पट्ट्यांचा पिंजरा असतो. पायाशी एखाद्या मोठ्या माशाचा जबडा आणि त्या जबड्यातच माणसाचे पाय. छातीवर पक्षी साप धरून बसलेला, हनुवटीखालून उडत्या माशाची शेपटी वर गेलेली, कडेला धनेशाची चोच. कोण कोणाला गिळते आहे आणि कोण कोणातून बाहेर पडते आहे हे ठरवणे अवघड होते. पक्षी, साप आणि मासे कुळांशी आणि त्यांच्या कथांशी जोडलेले असतात. ते ज्याच्या मालकीचे त्यालाच त्यांचा पूर्ण अर्थ सांगता येतो. या सगळ्यावर पुन्हा रंगाचे काम. पांढऱ्यासाठी भाजलेल्या प्रवाळाचा चुना, काळ्यासाठी कोळसा, तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी वनस्पतींचा रस. व्यापाऱ्यांकडून कपड्यांची नीळ मिळू लागल्यावर तीही यात आली. लाल-काळ्या-पांढऱ्या रेघा कोरलेल्या आकाराला धरून चालत नाहीत, त्याला आडव्या कापत जातात. त्यामुळे नजर एका जागी ठरत नाही. शेवटी डोळे बसतात. एका समुद्री गोगलगायीच्या शंखाचे तोंड बंद करणारे गोल, हिरवट-तपकिरी झाकण खोबणीत दाबले की आतापर्यंतचे लाकूड पाहणाऱ्याकडे पाहू लागते. डोळे बसवणे हे सर्वांत शेवटचे काम असते, आणि त्याला महत्त्वही तितकेच असते.

कारागीर आणि मालक वेगवेगळे असतात. आकृतीचा हक्क ज्याच्याकडे आहे तो ती कशी असावी हे तोंडी सांगतो: कुठला पक्षी कुठे, कोणता रंग कोणत्या बाजूला, कोणता भाग मोकळा. समोर नमुना नसतो, कारण मागच्या खेपेची मूर्ती केव्हाच नष्ट झालेली असते. कोरणारा हे वर्णन ऐकतो, त्यावर विचार करतो, कधी ते रूप स्वप्नात दिसल्याचे सांगतो, आणि मग हात चालवतो. म्हणून एकाच नावाच्या, एकाच हक्काच्या दोन मूर्ती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. तरीही जाणकार वृद्धांना त्या ओळखता येतात आणि कोणी दुसऱ्याच्या हक्काची आकृती परवानगीविना वापरली तर भर सोहळ्यात तंटा उभा राहतो; दंड डुकरांत आणि माळांत भरावा लागतो.

हा हक्क विकता, वाटता आणि पुढच्या पिढीकडे सोपवता येतो. सोहळ्याच्या दिवशी मूर्ती उघडी केली जाते तेव्हा जमलेल्यांसमोर हे व्यवहार होतात. घेणारा ठरलेली रक्कम देतो आणि पाहून घेतो. त्याच्या हाती लाकूड येत नाही. पाहिलेले लक्षात ठेवायचे आणि पुढे आपल्या माणसांच्या मृत्यूनंतर तसे किंवा त्याचा एखादा भाग घडवून घ्यायचा, एवढा अधिकार त्याला मिळतो. मानवशास्त्रज्ञ सुझान क्युखलर यांनी या बेटावर दीर्घ काळ अभ्यास करून असे मांडले आहे की मलांगन हे मृताच्या जीवशक्तीला काही काळापुरते दिलेले नवे कातडे असते. शरीर कुजल्यावर ती शक्ती मूर्तीत एकवटते, मूर्ती संपली की ती मोकळी होऊन हक्कांच्या रूपाने जिवंत माणसांत वाटली जाते. लाकूड नाहीसे होणे हा म्हणूनच विधीचा आवश्यक भाग आहे.

मूर्तींइतकेच मुखवटेही महत्त्वाचे आणि त्यांचे प्रकार अनेक. काही मुखवट्यांना दोन्ही बाजूंनी रुंद कोरीव फळ्यांचे कान असतात. ते घालून येणारा माणूस गावातून फिरतो, मृत्यूमुळे लागू झालेली बंधने उठवतो आणि त्याबद्दल माळा गोळा करतो. काही मुखवटे इतके मोठे आणि गुंतागुंतीचे असतात की घालण्यापेक्षा ते मांडून ठेवण्यासाठीच असतात. सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे ‘ततानुआ’. त्याचा चेहरा लाकडाचा, पण डोके वेताच्या सांगाड्यावर सालीचे कापड ताणून केलेले. मधोमध शिरस्त्राणासारखा उंच तुरा, तो पिवळ्या तंतूंचा. हा तुरा शोककाळातल्या पुरुषांच्या केशरचनेवरून घेतलेला आहे: दोन्ही बाजूंचे केस भादरायचे आणि मधला पट्टा रंगवून उभा ठेवायचा. तुऱ्याची एक बाजू चुन्याने लिंपून त्यात बिया किंवा शिंपले रोवलेले असतात, तर दुसरी बाजू वेगळ्या रंगाच्या धाग्यांनी भरलेली असते. त्यामुळे नर्तक वळला की वेगळाच माणूस समोर आल्यासारखे वाटते. रुंद नाक, टोचलेल्या कानपाळ्या आणि दात दिसतील असे मोठे तोंड ही तिथल्या देखण्या पुरुषाची लक्षणे. ततानुआ नाचणारे पुरुष रांगेने किंवा जोडीने येतात. नाचाआधी ते वेगळे राहतात, स्त्रियांपासून दूर राहतात आणि ठरावीक खाणे वर्ज्य करतात. ततानुआ मात्र मूर्तींसारखा एकदाच वापरायचा नसतो. तो पुढच्या नाचासाठी ठेवला जाई किंवा दुसऱ्या गावाला भाड्याने दिला जाई.

मूर्ती काही तास, फार तर काही दिवस मांडलेली असते. मग ती रानात किंवा गुहेत सोडून देतात, जाळतात किंवा पावसात कुजू देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यात एका नव्या वाटेची भर पडली: येणाऱ्या गोऱ्या माणसाला विकून टाकणे. गावाच्या दृष्टीने ती बेटावरून कायमची गेली म्हणजे झाले. जर्मन अमलात या विक्रीला जोर आला. बेटावरच्या काव्हिएंग इथला प्रशासक फ्रान्ट्स बोलुमिन्स्की किनाऱ्यालगतचा लांबच लांब रस्ता बांधून घेत होता आणि सोबत मलांगनही जमवत होता. १९०७ ते १९०९ या काळात जर्मन आरमाराची एक वैज्ञानिक मोहीम बेटावर होती. तिचा पहिला प्रमुख एमिल श्टेफान १९०८ मध्ये मरण पावला आणि त्याच्या जागी आलेल्या आउगुस्टिन क्रेमरने पुढे १९२५ मध्ये मलांगनवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बर्लिन, श्टुटगार्ट, ब्रेमेन, बाझेल इथली संग्रहालये या काळात भरली. जगभरच्या संग्रहांत आज हजारो मलांगन आहेत. म्हणजे जे कुजायचे ते काचेमागे नियंत्रित तापमानात उभे आहे, आणि त्याच्यासोबत कोणत्या मामाने कोणत्या भाच्याला कशाचा हक्क दिला याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही. फलकावर लाकूड, रंग, शिंपले एवढेच वाचायला मिळते.

बेटाच्या मध्य भागात रीत वेगळी होती. तिथल्या ‘उली’ मूर्ती जड लाकडाच्या, ठेंगण्या, दणकट. दाढीही असलेल्या आणि स्तनही असलेल्या. मोठ्या पुरुषाच्या मृत्यूनंतरच्या विधींत त्या मांडत आणि नंतर जपून ठेवून, पुन्हा रंगवून पुढच्या वेळी वापरत. एकाच बेटावर शेजारच्या दोन प्रदेशांत एकाने नष्ट करायचे आणि दुसऱ्याने सांभाळायचे, यावरून या कलेबद्दल सरसकट नियम काढणे किती धोक्याचे आहे हे लक्षात येते.

न्यू गिनीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आज इंडोनेशियात असलेल्या दलदलीच्या प्रदेशात, अस्मत लोक राहतात. तिथे दगड मिळत नाही. कुऱ्हाडीचा दगडसुद्धा पूर्वी डोंगराळ भागातून देवघेवीत यायचा. लाकडाला मात्र तोटा नाही. फुमेरिपित्स या आद्य पुरुषाने लाकडाची माणसे कोरली, ढोल वाजवला आणि ती जिवंत झाली, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. झाड आणि माणूस यांत अस्मत फारसा भेद करत नाहीत. ‘बिस’ खांबासाठी कांदळाचे झाड निवडल्यावर पुरुष शत्रूवर चालून जावे तसे त्याच्यावर चालून जातात. साल काढल्यावर झिरपणारा तांबडा रस रक्त समजला जातो. झाडाचे एक पसरट मूळ तोडत नाहीत. खोड उलटे करून कोरले की ते मूळ वरच्या आकृतीतून पुढे झेपावणारी जाळीदार पताका बनते. खांबावर एकावर एक चढलेली माणसे ही गावातली नुकतीच गेलेली खरी माणसे असतात आणि त्यांना त्यांच्या नावांनीच हाक मारतात. पूर्वी प्रत्येक मृत्यूमागे शत्रूचा हात आहे असे मानत आणि खांब उभा राहिला की सूडाची शपथ घेतली जाई. विधी संपल्यावर खांब साबुदाण्याच्या माडांच्या बनात टाकून देतात. तिथे तो कुजतो आणि त्याची शक्ती माडांना मिळते असे मानतात. अस्मत लोकांचे रोजचे अन्न त्याच माडांच्या गाभ्यातून येते.

१९६१ मध्ये अमेरिकेतला तरुण संग्राहक मायकेल रॉकफेलर इथे बिस खांब, ढाली आणि ढोल जमवत होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची होडी उलटली आणि तो बेपत्ता झाला. त्याने जमवलेले खांब आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १९८२ मध्ये उघडलेल्या त्याच्याच नावाच्या दालनात आहेत. साठच्या दशकात इंडोनेशियाच्या अधिकाऱ्यांनी अस्मतांची पुरुषगृहे जाळली आणि विधींवर बंदी घातली. कोरीव काम पुन्हा उभे राहण्यात कॅथलिक मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट मिशनरी आणि मूर्ती यांच्या नेहमीच्या कथेपेक्षा निराळी आहे. १९७३ मध्ये आगाट्स गावी अस्मतांचे स्वतःचे संग्रहालय सुरू झाले.

न्यू गिनीच्याच दक्षिणेला पापुआच्या आखातावरील ओरोकोलो इथे ‘हेवेहे’ मुखवटे होत. त्यांत लाकूड जवळजवळ नव्हते. वेताच्या सांगाड्यावर सालीचे कापड ताणून, माणसाच्या कितीतरी पट उंच अशी ही सोंगे बनवत. ती तयार करण्याचे आवर्तन अनेक वर्षे चाले. सरकारी मानवशास्त्रज्ञ एफ. ई. विल्यम्स यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा शेवट नोंदला आहे: पहाटे पुरुषगृहाचे उंच दार उघडते, एकेक मुखवटा बाहेर पडतो, किनाऱ्यावर महिनाभर नाच चालतो आणि मग सगळे ढीग करून जाळले जातात. याच आखातातल्या ‘गोपे’ फळ्या जुन्या होड्यांच्या बुडापासून कोरत, म्हणून त्यांना किंचित बाक असतो.

न्यू गिनीतल्याच सेपिक नदीच्या काठच्या इआत्मुल लोकांत मुखवट्यांची जोडी चालते, थोरल्या आणि धाकट्या भावंडांची. लांब नाकाच्या लाकडी चेहऱ्यावर माती लिंपून त्यात कवड्या आणि शिंपले दाबतात, आणि तो चेहरा वेताच्या शंकूसारख्या पोशाखाच्या टोकाला बांधतात. तिथल्या पुरुषगृहातली वक्त्याची चौरंगवजा आसने मुखवट्यांइतकीच पाहण्यासारखी आहेत. पाठीशी पूर्वजाची आकृती असते, पण त्या आसनावर कोणी बसत नाही. बोलणारा बाजूला उभा राहतो आणि हातातल्या पानांची जुडी आसनावर आपटत एकेक मुद्दा मांडत जातो. वादविवादात पूर्वजांना साक्षी ठेवण्याची ही पद्धत मानवशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९३० च्या दशकात टिपली.

वनुआतूच्या अम्ब्रिम बेटावर प्रतिष्ठा पायरीपायरीने मिळवावी लागते. प्रत्येक पायरीला डुकरे द्यावी लागतात आणि त्या पायरीच्या कोरीव आकृतीचा हक्क त्याबदल्यात विकत घ्यावा लागतो. झाडनेच्याच्या खोडातून कोरलेल्या मूर्ती आणि गावच्या पटांगणात उभे रोवलेले चिरेचे ढोल ही त्याची खूण. जगात इतरत्र असे ढोल बहुधा आडवे ठेवतात. इथे उभ्या ढोलाच्या टोकाला ताटलीएवढ्या डोळ्यांचा पूर्वजाचा चेहरा असतो आणि खालची लांब चीर त्याचा आवाज ठरते. फानला गावच्या तिन म्वेलेउन यांनी १९६० च्या दशकात कोरलेला असा एक ढोल मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची उंची साडेचार मीटरच्या जवळपास आहे. मेलानेशियातल्या बहुतेक जुन्या वस्तूंवर कारागिराचे नाव उरलेले नाही, म्हणून हे नाव लक्षात ठेवण्याजोगे.

सॉलोमन बेटांच्या पश्चिम भागात युद्धहोडीच्या नाळेवर, पाण्याच्या अगदी जवळ, काळ्या लाकडाचे एक डोके बांधत. पुढे आलेला जबडा आणि चेहऱ्यावर चमकणाऱ्या शिंपल्यांचे जडावकाम असलेली ही ‘न्गुझुन्गुझु’ आकृती समुद्रातल्या भुताखेतांपासून होडीचे रक्षण करी. हातांत ती कधी माणसाचे मुंडके धरी, कधी पक्षी. न्यू कॅलेडोनियातल्या कनाक लोकांचा मुखवटा प्रमुखाच्या मृत्यूशी जोडलेला होता: बाकदार मोठ्या नाकाचा काळा लाकडी चेहरा, वर मानवी केसांचा घुमट, खाली कबुतराच्या गडद पिसांचा घोळदार झगा. ते केस शोक पाळताना वाढवलेले आणि मुदत संपल्यावर कापलेले असत.

युरोपातल्या चित्रकारांना या वस्तूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेड लावले. एमिल नोल्डे १९१३–१४ मध्ये जर्मन सरकारी मोहिमेबरोबर थेट न्यू गिनीपर्यंत जाऊन आला. १९२९ मध्ये ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात अतिवास्तववाद्यांनी जगाचा नकाशा छापला. त्यात न्यू गिनी आणि बिस्मार्क द्वीपसमूह अवाढव्य होते आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने नव्हतीच. त्या गटाचा अग्रणी आन्द्रे ब्रेताँ याच्या संग्रहात एक उली होती. या मंडळींनी मेलानेशियाकडे स्वप्नांचा आणि स्वैर कल्पनेचा प्रदेश म्हणून पाहिले. प्रत्यक्षात तिथल्या मूर्तीवरची एकेक रेघ कोणाच्या तरी मालकीची होती आणि तिचा चोख हिशेब ठेवला जात होता.

खुद्द मेलानेशियात या कोरीव कामाचे आजचे स्थान वादाचे आहे. पापुआ न्यू गिनीची संसद १९८४ मध्ये पोर्ट मोर्सबीत उघडली, तेव्हा तिची इमारत सेपिक प्रदेशातल्या पुरुषगृहाच्या आकारावर बेतलेली होती. प्रवेशद्वारावरच्या आडव्या तुळईवर १९ मुखे कोरली होती, तेव्हाच्या १९ प्रांतांची. २०१३ मध्ये सभापती थिओडोर झुरेनुओक यांनी ती मूर्तिपूजेची आणि दुष्ट शक्तींची चिन्हे म्हणून काढून टाकायला लावली. देशातले बहुसंख्य लोक ख्रिस्ती, तरीही यावर मोठी टीका झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

न्यू आयर्लंडमध्ये मलांगन अजून होते. मिशनऱ्यांच्या काळात ते बरेच मंदावले होते; १९७० च्या दशकापासून, पापुआ न्यू गिनीच्या स्वातंत्र्याच्या सुमारास, त्याला पुन्हा चालना मिळाली. मधल्या काळात विसरलेल्या आकृती परत आणताना काही कारागिरांनी युरोपीय संग्रहालयांतल्या मूर्तींची छायाचित्रे समोर ठेवली. पर्यटकांसाठीही कोरले जाते, मात्र तिथेसुद्धा ज्या आकृतीचा हक्क आपल्याकडे नाही ती विकायला काढली तर शेजारच्या कुळाकडून विचारणा होते. अनेक गावांत आता सोहळ्याच्या शेवटी लाकडी मूर्तीऐवजी किंवा तिच्या जोडीने कबरीवर सिमेंटचा चौथरा बांधतात. डुकरे, तारो आणि माळांची देवघेव पूर्वीसारखीच चालते, हक्क पुढे सोपवले जातात, आणि तो चौथरासुद्धा मलांगन म्हणूनच मोजला जातो.